घरात मराठी बंद

विंझरच्या बाजूला, रस्त्याला लागून, एक नवी इंग्लिश मीडियमची शाळा निघाली आणि एप्रिलमध्ये तिच्या पालक सभेत बोलायला मला बोलावणं आलं. भोरमध्ये माझा इंग्लिश स्पीकिंगचा क्लास आहे. खाली अब्बांचं सायकल दुरुस्तीचं दुकान, मागे आमचं घर, वर माडीवर एक खोली, चार बाकं आणि एक पांढरा फळा. बारा वर्षं झाली हे चाललंय. शिरवळच्या कंपन्यांत मुलाखतीला जाणारी पोरं येतात, लग्न ठरलेल्या मुली येतात, एकदा एक पेन्शनर तलाठीही येऊन गेले. तेवढ्यावर आमच्या भागात मला ‘इंग्लिशच्या मॅडम’ म्हणतात.

सभा पत्र्याच्या शेडमध्ये होती. ऊन तापलेलं, वर दोन पंखे. समोर बायका जास्त, पुरुष मागे उभे. संस्थाचालकांनी माझी ओळख करून दिली ती ऐकून मलाच संकोच वाटला. मी त्यांना माझीच गोष्ट सांगितली. बी.ए. झाल्यावर पुण्यातल्या एका शाळेत शिक्षिकेच्या जागेसाठी मी मुलाखतीला गेले होते. समोर तिघे जण. त्यांनी विचारलं, ‘टेल अस समथिंग अबाउट युवरसेल्फ.’ उत्तर मी पाठ केलेलं होतं, पण त्यांनी मधेच थांबवून दुसरंच काही विचारलं आणि माझी वाचा बसली. व्याकरण मला सगळं यायचं. बोलता येत नव्हतं. टेबलापलीकडच्या बाईंनी शेवटी मराठीत, फार प्रेमानं विचारलं, ‘पाणी हवंय का?’ परतीच्या एसटीत भोरपर्यंत मी तेच ऐकत आले.

‘माझ्या घरात कुणी इंग्लिश बोलत नव्हतं, म्हणून माझं असं झालं,’ मी सभेत म्हणाले. ‘तुमच्या मुलांचं होऊ देऊ नका. शाळा सहा तास. बाकीचे अठरा तास मूल तुमच्याकडे आहे. घरात मराठी बंद करा. मोडकं बोला, चुकीचं बोला, पण इंग्लिश बोला. सहा महिने करून बघा.’

टाळ्या खूप पडल्या. एका आजोबांनी मान डोलावली. संस्थाचालक माईक घेऊन म्हणाले, ‘मॅडमनी मंत्र दिला बरं का.’ मीही खूश झाले. शाल-नारळ घेऊन घरी आले आणि अब्बांना म्हणाले, ‘आज मस्त झालं माझं बोलणं.’

ते मी मराठीत म्हणाले. आमच्या घरात मराठीच चालते. माझी लेक नववीत आहे. तिला रागावते मराठीत, जवळ घेते तेही मराठीत. ते आणि सभेतलं बोलणं एकमेकांसमोर ठेवून बघावं असं त्या दिवशी माझ्या मनातही आलं नाही.

ऑगस्टमध्ये, भाताच्या लावण्या उरकल्यावर, एका शनिवारी एक बाई माडी चढून आली. तिशीच्या आतली, साडीचा काठ भिजलेला, हातात छत्री. ‘मॅडम, वळकलं का?’ म्हणाली. मी ओळखलं नाही. ‘विंझरच्या सभेला हुते मी. म्होरंच बसले हुते. पासलीची.’

पासली म्हणजे वेल्ह्याच्याही पुढं, डोंगरात. सकाळच्या गाडीनं ती वेल्ह्याला आली होती, तिथून नसरापूर, तिथून भोर. पाऊस असला की गाडीचा भरवसा नाही, तरी दर शनिवारी येईन म्हणाली. तिची मुलगी सहा वर्षांची, त्याच शाळेत पहिलीत. पिवळी गाडी पासलीपर्यंत यायची, सात वाजता मुलगी घरातून निघायची. नवरा पुण्यात कुणाची तरी कार चालवायचा, पंधरा दिवसांनी घरी. घरात ही, मुलगी आणि सासू.

‘तुमी सांगितलं तसं चालू केलंय मॅडम,’ ती म्हणाली. ‘जूनपासनं. पन मला शब्द पुरंनात. दहावी झालीय माझी, पन ते काय कामाचं न्हाई. म्हनून आले.’

इतक्या लांबून माझ्या एका बोलण्यावरून कुणी येतं म्हटल्यावर माणसाला जे वाटायचं ते मला वाटलं. मी तिला त्या दिवशी दोन तास शिकवलं. ‘ही कॅन, शी कॅन’ घेतलं, रोजच्या कामांची वाक्यं घेतली. ती वहीत मराठी अक्षरांत उच्चार लिहून घ्यायची, त्याच्याखाली अर्थ. हात कष्टाचे होते, पण अक्षर पोरीसारखं गोल. निघताना तिनं विचारलं, ‘मॅडम, तुमच्या घरात समदे इंग्लिशच बोलत असतील ना?’

‘हो,’ मी म्हणाले. ‘सवय झालीय आता.’

कशाला म्हणाले, ठाऊक नाही. तोंडातून निघून गेलं. ती जिना उतरून गेल्यावरही मी डस्टर हातात धरून तशीच उभी होते. ह्या बाईशी काही खोटं बोलायची गरज नव्हती. पण सभेत बोलणारी ‘मॅडम’ तिच्यासमोर उभी होती आणि त्या मॅडमच्या घरात इंग्लिशच असायला हवं होतं.

दोनच आठवड्यांनी ते उघडं पडलं. आम्ही वरती ‘व्हॉट आर यू डूइंग’ करत होतो आणि खालून अब्बांनी हाक मारली, ‘अगं ए, दूध उतू जातंय बघ, वास येतोय हितपर्यंत!’ मी वरूनच ओरडले, ‘अहो अब्बा, बंद करा ना मग!’ त्यावर लेक कुठूनशी म्हणाली, ‘मीच का नेहमी बंद करायचा गॅस?’ चांगलं दोन-तीन मिनिटं आमचं वरून-खालून चाललं. मग माझं लक्ष गेलं. पासलीची बाई वहीत मान घालून बसली होती. ‘आय अ‍ॅम रायटिंग’ असं तिनं हळूच वाचलं आणि पुढचं वाक्य लिहायला घेतलं.

तेव्हापासून शनिवार जवळ आला की मला उगीच अस्वस्थ व्हायचं. तिनं विचारलं असतं तर मी काहीतरी सांगितलं असतं. तिनं विचारलंच नाही.

हळूहळू तिच्या घरातलं कळत गेलं. ती आपणहून सांगायची, कौतुकानं सांगायची. भिंतीवर तिनं यादी चिकटवली होती. ईट, वॉश, कम हिअर, डोन्ट क्राय, गुड गर्ल, व्हेअर इज बॅग. ते ती रोज वापरायची. रोज पाच नवे शब्द मोबाईलवरून काढायची. मुलीनं मराठीत काही मागितलं तर द्यायची नाही, ‘इन इंग्लिश’ म्हणायची. आणि सासूला सांगून ठेवलं होतं की नातीशी बोलू नका.

‘बोलू नका म्हणजे?’ मी विचारलं.

‘त्यांना कुठं येतंय इंग्लिश? त्या बोलल्या की मराठीच बोलनार. मग पोरीच्या डोक्यात घोळ व्हनार. तुमीच सांगितलं हुतं न्हवं, घरात मराठी बंद. सुरवातीला लई रडल्या आत्याबाई. आता झाली सवय. ताट वाढत्यात, वेनी घालत्यात, तोंडानं काय न्हाई.’

मी फळ्याकडे वळले आणि काहीतरी लिहायला लागले. काय लिहिलं ते आठवत नाही. डोळ्यापुढं मात्र दिसत होतं, एक म्हातारी नातीची वेणी घालतेय आणि तोंड मिटून बसलीय. माझ्या शब्दावरून.

त्या वेळीच बोलायला हवं होतं. ताई, असं नसतं करायचं, एवढंच. पण मग सभेतलं ते काय होतं? आणि माझ्या घरातलं? आणि ती एवढ्या लांबून येते ते कशासाठी? रविवारी विचार करायचे की पुढच्या शनिवारी सांगू. शनिवारी ती भिजून, धापा टाकत यायची, वही उघडायची, आणि मी म्हणायचे, ‘चला, मागचं पाठ केलंय का?’

ऑक्टोबरमध्ये तिनं मुलीचं प्रगतिपुस्तक आणलं. मला वाचून दाखवायला सांगितलं. सगळ्या विषयांना ‘बी’ ग्रेड होती. खाली वर्गशिक्षिकेनं एक ओळ लिहिली होती, ‘गुड गर्ल. व्हेरी क्वाएट.’

‘क्वाएट म्हंजी?’

‘शांत.’

‘म्हंजी चांगलंच ना, मॅडम?’

ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हणाले, ‘चांगलं.’

मग तिनं स्वतःच सांगितलं, मुलगी हल्ली घरीही शांत असते. आधी नुसती बडबड चालायची. तरवा उपटायला बायका आल्या की त्यांच्यात जाऊन बसायची, कुणाची गाय कधी व्याली, कुणाच्या घरी पाहुणे आले, सगळं गावचं सांगायची. लावणीची रोपं म्हणजे तरवा, तर त्या रोपांनासुद्धा तिनं नावं दिली होती. आता गाडीतून उतरली की येऊन बसते. विचारलं तर ‘येस’ नाहीतर ‘नो’. ‘इंग्लिशमधी विचार करत असंल,’ ती म्हणाली. म्हणाली खरी, पण शेवटी आवाज जरा पडला. माझ्याकडून होकार हवा होता तिला. मी दिला नाही आणि नकारही दिला नाही. ‘पुढचा धडा घेऊ,’ म्हणाले.

दिवाळीनंतर दोन शनिवार ती आली नाही. भातकापणी असेल असं मला वाटलं. खरं सांगायचं तर बरंच वाटलं. तिसऱ्या शनिवारच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला.

‘मॅडम, येनं व्हनार न्हाई. पोरीचा कान फुटलाय.’

‘काय झालं?’

‘आतनं पू येतोय. डाक्टर म्हनले, आठ-धा दिवसांचं दुखनं आसनार. पडद्याला भोक पडलंय. म्हनले, एवढं ठनकत असताना पोरगी बोलली कशी न्हाई?’ मागे भांड्यांचा आवाज येत होता. ‘मला दिसत हुतं मॅडम. उशीवर एका अंगालाच झोपायची. डोळं लाल. म्या विचारलं हो. रोज विचारलं. व्हॉट हॅपन्ड? तर म्हनायची, नथिंग.’

‘नथिंग’ मीच शिकवलं होतं. सप्टेंबरमध्ये. ‘व्हॉट हॅपन्ड’ला उत्तर म्हणून, दोन पर्याय दिले होते. ‘आय अ‍ॅम फाइन’ आणि ‘नथिंग’. दुसरं सोपं म्हणून तिनं ते घरी नेलं.

फोन ठेवल्यावर मी खाली दुकानात गेले. अब्बा ट्यूबचं पंक्चर शोधत होते, घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब दाबून. मी त्यांना सगळं सांगितलं. सभेतलं, सासूबाईंचं, ‘आमच्या घरात इंग्लिशच’ म्हणाले तेसुद्धा. ते ट्यूब फिरवत राहिले.

माझी फुफी, अब्बांची बहीण, पुण्यात असते. मी लहान असताना ती आली की आम्हाला टोचायची, तुम्ही कसले लोक, घरात मराठी बोलता, पोरांना आपली जबान तरी शिकवा. दर ईदला हा वाद व्हायचा. अब्बा तेव्हा तिला एकच म्हणायचे, माझी आई मला मराठीतच रागावली, आता मी दुसरी जबान कुठून आणू? हे मला त्या दिवशी आठवलं, त्यांनी आठवण करून दिली नाही. ते एवढंच म्हणाले, ‘जाऊन ये. फोनवर नको सांगूस. जा.’

दुसऱ्या दिवशी मी पासलीला गेले. नसरापूरला गाडी बदलली, वेल्ह्याला तास-दीड तास बसले. बाजारातून मोसंबी घेतली, मग वाटलं मोसंबी घेऊन जाणं म्हणजे आजाऱ्याला भेटायला आल्यासारखं होतंय, मी तर वेगळ्याच कामाला निघालेय. तरी घेतली. पुढच्या गाडीत माझ्या शेजारी एक माणूस मोबाईलवर मोठ्यानं इंग्लिश शिकवणारा व्हिडिओ ऐकत होता. तो प्रत्येक वाक्य ओठांत पुटपुटत होता.

घर रस्त्यापासून जरा वर होतं. अंगणात भाताच्या पेंढ्या रचलेल्या. सासूबाई उन्हात बसून सुपात तांदूळ निवडत होत्या आणि त्यांच्या पलीकडे मुलगी बसली होती, एका कानाला कापूस. तीही बोटानं खडे वेचत होती. दोघी एकाच सुपाशी. आवाज नाही.

पासलीची बाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. ‘कशापायी आलात एवढ्या लांब?’ म्हणाली. मला बसायला सतरंजी टाकली.

मी पाणी प्यायले आणि तिथंच, सासूबाईंच्या देखत बोलले. ‘ताई, मी सभेत जे बोलले ते चूक होतं. घरात मराठी बंद करा असं मी सांगायला नको होतं. आमच्या घरात आम्ही मराठीच बोलतो. तुम्हाला मी खोटं सांगितलं. मुलीशी मराठीत बोला. आजींना बोलू द्या.’

ती माझ्यासमोर उभीच होती. मला वाटलं होतं ती रडेल, किंवा म्हणेल, असू द्या मॅडम. ती तसं काही म्हणाली नाही.

‘तुमी खोटं बोललात ते मला तवाच कळलं,’ ती म्हणाली. ‘दूध उतू गेलं त्या दिवशी. तरी मी येतच राहिले. का आले? तुमाला येतं म्हनून. तुमी घरात कायबी बोला, तुमाला येतं. मला न्हाई येत. हितं शनवार-रविवार पुन्याची मानसं येत्यात, घाट बघायला. मी जेवान देते त्यांना. माझ्या चुलीपाशी बसून माझ्याच भाकरीबद्दल आपसात इंग्लिशमधी बोलत्यात आन हसत्यात. चांगलं बोलत्यात का वाईट, मला काय कळतंय? मी आपली हसते. माझ्या पोरीनं असं हसू नये म्हनून म्या केलं समदं. आन आता तुमी हितं येऊन सांगताय, मराठी बोला! शिकून झालं तुमचं, तर आता आमाला मागं वडताय व्हय?’

ती जे सांगत होती ते माझंच दुखणं होतं, तीन माणसांच्या टेबलासमोर बसलेल्या मुलीचं. मीच ते सभेत तिच्या हातात दिलं होतं.

‘मागं नका येऊ,’ मी म्हणाले. ‘तुम्ही शिका. तिलाही शिकवू. पण कान दुखतोय हे सांगायला तिच्याकडे काही ठेवा.’

सासूबाई तोपर्यंत खडे वेचत होत्या. त्यांनी सूप बाजूला ठेवलं. त्या मला काही बोलतील म्हणून मी सावरून बसले. पण त्या सुनेला म्हणाल्या, ‘म्या बोलू का आता?’

परवानगी मागितली त्यांनी. सत्तरीच्या बाईनं, स्वतःच्या अंगणात. सून आत निघून गेली. आतून तिचा रडल्याचा आवाज आला आणि मग पाटा ओढल्याचा. सासूबाई नातीकडे वळल्या.

‘लई ठनकतंय का गं बाय?’

मुलीनं आईच्या दिशेनं पाहिलं. मग मान हलवली. पुन्हा विचारल्यावर तिनं कापसाला हात लावला आणि हळू म्हणाली, ‘आता न्हाई. आधी लई ठनकायचं. आत कुनीतरी ठोकतंय असं वाटायचं.’ एवढंच बोलली. माझ्याकडे एकदा पाहून पुन्हा खडे वेचायला लागली.

मी जेवूनच जावं असा सासूबाईंनी आग्रह केला. सुनेनं वाढलं, पण माझ्याशी बोलली नाही. परतीच्या गाडीला सोडायलाही आली नाही. सासूबाई रस्त्यापर्यंत आल्या. मी त्यांची माफी मागितली तर म्हणाल्या, ‘तुमची काय चूक, तुमी शिकलेल्या.’ ह्याच्यापेक्षा त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

डिसेंबर गेला, जानेवारी गेला. शनिवारी कुणी आलं नाही. क्लास चालूच होता, पण मला काही शिकवताना धड वाटेना. ‘व्हॉट हॅपन्ड’चा धडा आला की मी तो गाळायचे. मग वाटायचं, हा काय वेडेपणा, धड्याचा काय दोष. पोरं विचारायची, ‘मॅडम, पान सोडलं तुम्ही.’ एक नवी नवरी म्हणाली, ‘मॅडम, मी सासरी फक्त इंग्लिशच बोलणार,’ आणि मी तिच्यावर इतकी उखडले की ती घाबरली. संध्याकाळी अब्बा म्हणाले, ‘त्या पोरीवर कशाला राग काढतेस?’ मधे दोनदा मी पासलीला फोन लावला. एकदा उचलला नाही. एकदा सासूबाईंनी उचलला, ‘पोरीचा कान भरून आलाय, ऐकू येतंय,’ म्हणाल्या, आणि मागून मुलीचा आवाज आला, ‘कोन हाय गं आजे?’ त्या दोन-चार शब्दांनी मी उरलेला दिवस बरी होते.

फेब्रुवारीच्या शेवटी एका शनिवारी जिन्यावर पावलं वाजली आणि ती आली. पहिल्याच जागेवर बसली. वही तीच. भिंतीवरची यादी काढून टाकली असं तिनं सांगितलं, त्यात माफी नव्हती आणि आरोपही नव्हता. मुलगी त्याच शाळेत होती. शाळेत इंग्लिश, घरी मराठी असं आता ठरवलं होतं, गृहपाठाचा एक तास सोडून. ‘बोलाया लागली पुन्ना,’ ती म्हणाली. ‘पन पयल्यासारखी न्हाई. सांगायच्या आधी माझ्या तोंडाकडं बघती. चालंल का, असं.’

मी मान खाली घातली.

‘आता पोरीचं सोडा,’ ती म्हणाली. ‘मला शिकवा. माझ्यासाठी. ती पुन्याची मानसं काय बोलत्यात ते कळाया पायजे मला. आन त्यांना उलटं बोलता यायला पायजे.’

मग आम्ही पुस्तक बाजूला ठेवलं आणि तिच्या चुलीपाशी काय बोललं जातं त्याचीच वाक्यं तयार केली. भाकरी, पिठलं, ठेचा, पाणी उकळलेलं आहे का, संडास कुठं आहे. ‘तुम्ही माझ्याबद्दल बोलताय का?’ हे इंग्लिशमध्ये कसं विचारायचं ते तिनं तीनदा म्हणून पक्कं केलं. चौथ्यांदा म्हणताना तिला हसू आलं. मार्चमध्ये एकदा तिनं ते खरोखर वापरलं. चार मुलं-मुली होती, एकदम गप्प झाली, मग त्यातल्या एकीनं मराठीत सांगितलं, ‘नाही हो ताई, आम्ही ठेच्याबद्दल बोलत होतो, फार तिखट आहे.’ ते सांगताना ती खूश होती. मी विचारलं, ‘खरंच ठेच्याबद्दल बोलत होते?’ ती म्हणाली, ‘देव जाने. पन गप झाली ना!’

एप्रिलमध्ये त्या शाळेतून मला पुन्हा बोलावणं आलं. संस्थाचालक म्हणाले, ‘मॅडम, मागच्या वर्षीचंच बोला, लोकांना फार आवडलं होतं.’ मी होकार दिला आणि मग आठ दिवस नीट जेवले नाही. जायचंच नाही असं ठरवलं, मग वाटलं, नाही गेले तर मागच्या वर्षीचं बोलणं तसंच राहील. कितीतरी घरांत अजून यादी चिकटवलेली असेल.

तेच शेड, यंदा आणखी एक पंखा. माणसं दुप्पट. मी म्हणाले, ‘शाळेत मुलांना इंग्लिश शिकू द्या. पण घरात तुम्ही जे बोलता तेच बोला. आजी-आजोबांना गप्प बसवू नका. मूल ज्या भाषेत रडतं त्या भाषेत त्याला उत्तर द्या.’

पुढच्या रांगेत चुळबुळ झाली. मागे उभा असलेला एक बाप्या मोठ्यानं म्हणाला, ‘मॅडम, मागच्या साली तर तुमी उलटं सांगितलं हुतं. मी हुतो हितंच. आता कोनचं खरं धरायचं आमी?’

‘आत्ताचं,’ मी म्हणाले. ‘मागच्या वर्षी मी चुकले होते. माझ्या चुकीमुळं एका मुलीला त्रास झाला.’

‘म्हंजी औंदाबी चुकत असाल तर?’

लोक हसले. तो काही मला खिजवत नव्हता, खरंच विचारत होता. मी काहीतरी बोलले, ते पटण्यासारखं नव्हतं. टाळ्या वाजल्या त्या सभ्यपणाच्या. संस्थाचालकांनी माईक घेऊन घाईघाईनं सांगितलं की आपल्या शाळेत मात्र पूर्ण इंग्लिश वातावरण आहे, काळजी नसावी. मला निरोप देताना ते नीट बोलले, पण पुन्हा बोलावणार नाहीत हे दोघांनाही कळलं होतं.

रस्त्याला येऊन मी एसटीची वाट बघत थांबले. ऊन फार होतं, पिंपरणीच्या झाडाच्या सावलीत सभेतल्याच दोन बाया उभ्या होत्या. एकीच्या कडेवर लहान मूल झोपलेलं. ती माझ्याजवळ सरकली.

‘मॅडम, तुमचं बोलनं पटलं मला,’ ती म्हणाली. ‘पन समजा आमी घरात मराठीच बोललो, आन ती शेजारची पोर म्होरं गेली, ही मागं पडली, तर? मग ही मला इचारंल न्हवं मोठी झाल्यावर?’

‘विचारेल,’ मी म्हणाले.

‘मग काय सांगू तिला?’

मी तिच्या कडेवरच्या मुलीकडे पाहिलं. गाल दाबला गेल्यामुळं तिचं तोंड जरासं उघडं होतं. दुसरी बाईही आता ऐकायला जवळ आली होती. मी त्यांना विचारलं, मुलगी केवढी आहे, बोलते का अजून. ‘बोलती की, लई बोलती,’ ती म्हणाली आणि काय काय बोलते ते सांगायला लागली. गाडी यायला पाऊण तास लागला. आम्ही तिघी तिथंच उभ्या होतो.